ठरलेल्या वेळेचा आवाज : ब्रिटिश नभोवाणीची शंभर वर्षे

ब्रिटनमधील जुन्या पिढीतील माणसांना रेडिओच्या आठवणी विचारल्या, तर ती बहुधा कार्यक्रमाच्या आधी वेळ सांगतात. संध्याकाळी पावणेसातला डिक बार्टन या गुप्तहेराची मालिका, रात्री नऊला बातम्या, रविवारी दुपारी बाराला परदेशी तैनात असलेल्या सैनिकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आवडीची गाणी, मध्यरात्रीनंतर जहाजांसाठी हवामानाचा अंदाज. घड्याळाचा काटा आणि आवाज यांची अशी सांगड हे ब्रिटिश नभोवाणीचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य होते. ठरलेल्या क्षणी लाखो घरांत एकच आवाज येई आणि वेळ संपली की विरून जाई. बऱ्याचदा त्याचे ध्वनिमुद्रणही केले जात नसे. त्यामुळे या माध्यमाचा इतिहास कागदपत्रांइतकाच श्रोत्यांच्या स्मरणावर उभा आहे आणि स्मरण कधी कधी न ऐकलेलेही ऐकल्याचे सांगते. त्या इतिहासाचे प्रमुख टप्पे, त्यातील मराठी धागे आणि आज त्यातले काय उरले आहे, याचा हा आढावा.

चेम्सफर्ड ते सॅव्हॉय हिल

बिनतारी संदेशवहनाचा शोध लावणाऱ्यांपैकी गुल्येल्मो मार्कोनी हे इटलीहून इंग्लंडला आले आणि १८९६ मध्ये त्यांनी तेथे आपल्या यंत्रणेच्या एकस्वासाठी अर्ज केला. पुढची वीस-पंचवीस वर्षे हे तंत्र मुख्यतः जहाजे, सैन्य आणि तारखाते यांच्या उपयोगाचे मानले गेले. १५ जून १९२० रोजी चेम्सफर्ड येथील मार्कोनी कंपनीच्या कारखान्यातून ऑस्ट्रेलियन गायिका नेली मेल्बा यांचे गायन प्रक्षेपित झाले आणि युरोपात दूरदूर ऐकू गेले. मात्र अशा करमणुकीमुळे महत्त्वाच्या संदेशवहनात व्यत्यय येतो, असे म्हणून टपाल खात्याने लवकरच हे प्रयोग थांबवले.

१४ फेब्रुवारी १९२२ रोजी चेम्सफर्डजवळच्या रिटल या खेड्यातील एका लाकडी बराकीतून नियमित प्रक्षेपणाला पुन्हा परवानगी मिळाली. आठवड्यातून एकदा, जेमतेम अर्धा तास चालणारे ते प्रक्षेपण पीटर एकर्सली या अभियंत्याने आपल्या विनोदी बडबडीने लोकप्रिय केले. त्याच वर्षी मे महिन्यात लंडनमधील मार्कोनी हाऊसमधून ‘टू एल ओ’ हे केंद्र सुरू झाले. अमेरिकेत कोणीही केंद्र उभारावे आणि लहरींचा गोंधळ व्हावा, असे चित्र होते. ते टाळण्यासाठी टपाल खात्याने रेडिओ संच बनविणाऱ्या कंपन्यांना एकत्र आणले आणि १८ ऑक्टोबर १९२२ रोजी ‘ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी’ स्थापन झाली. १४ नोव्हेंबरपासून तिचे दैनंदिन प्रसारण सुरू झाले. पहिल्या दिवशी आर्थर बरोज यांनी बातम्या दोनदा वाचल्या, एकदा जलद आणि एकदा सावकाश, आणि कोणती गती सोयीची वाटते ते कळवावे, अशी श्रोत्यांना विनंती केली. श्रोत्यांशी बोलावे कसे, हेही तेव्हा ठरायचे होते.

संच बाळगणाऱ्याला वर्षाला दहा शिलिंगांचा परवाना घ्यावा लागे. सुरुवातीचे बरेच संच स्फटिकाचे होते. ‘मांजरीची मिशी’ या नावाने ओळखली जाणारी बारीक तार स्फटिकाच्या पृष्ठभागावर अलगद टेकवत नेमकी जागा शोधायची आणि कानाला हेडफोन लावून ऐकायचे. पुढे दिव्यांचे संच आले, तेव्हा बॅटरी उचलून दुकानात नेणे आणि भरून आणणे हे अनेक घरांत मुलांचे काम झाले. १९२३ मध्ये कंपनी सॅव्हॉय हिल येथील इमारतीत गेली. त्याच सुमारास वृत्तपत्रांनी रेडिओचे कार्यक्रम छापायला जाहिरातीचे पैसे मागण्याचा पवित्रा घेतला. त्याला उत्तर म्हणून २८ सप्टेंबर १९२३ रोजी ‘रेडिओ टाइम्स’ हे साप्ताहिक निघाले. नभोवाणीचे वेळापत्रक आता घरातल्या मेजावर आले.

वेळेला मिळालेला ध्वनी

३१ डिसेंबर १९२३ च्या मध्यरात्री वेस्टमिन्स्टरच्या ‘बिग बेन’ घंटेचे ठोके प्रथमच रेडिओवरून ऐकू आले. पाच आठवड्यांनी, ५ फेब्रुवारी १९२४ रोजी, ग्रिनिच वेधशाळेचा सहा ‘पिप्स’चा वेळसंकेत सुरू झाला. राजज्योतिषी फ्रँक डायसन आणि कंपनीचे प्रमुख जॉन रीथ यांच्या पुढाकारातून ही योजना साकारली. वेधशाळेतील घड्याळ ठरावीक सेकंदांना विद्युत्संकेत पाठवी, त्यांचे ध्वनीत रूपांतर होऊन ते प्रक्षेपित होत आणि शेवटच्या ठोक्याशी नवा तास सुरू होई. त्याआधी खेड्यातल्या घरांना अचूक वेळ मिळण्यासाठी रेल्वे स्थानकावर किंवा टपाल कार्यालयात जावे लागे. आता शेतकरी, शिक्षक आणि नावाडी यांची घड्याळे एकाच क्षणी लावली जाऊ लागली.

जहाजांसाठी हवामानाचा अंदाज हा याच परंपरेतला दुसरा ध्वनी. त्याचे मूळ रॉबर्ट फिट्झरॉय या नौदल अधिकाऱ्याच्या कामात आहे. १८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वादळात बुडाल्यानंतर त्यांनी तारेने वादळाचे इशारे देण्याची व्यवस्था उभारली. १९२० च्या दशकात हे काम रेडिओवर आले. ब्रिटिश बेटांभोवतालचा समुद्र आज ३१ भागांत विभागलेला आहे आणि त्यांची नावे ठरलेल्या क्रमाने, सुमारे साडेतीनशे शब्दांच्या मर्यादेत, वाऱ्याची दिशा आणि दृश्यता यांसह वाचली जातात. व्हायकिंग, डॉगर, जर्मन बाइट, फास्टनेट, रॉकॉल ही नावे समुद्र कधीही न पाहिलेल्या माणसांना तोंडपाठ असतात. रात्रीच्या अंदाजाआधी वाजणारी रोनाल्ड बिंज यांची ‘सेलिंग बाय’ ही संथ धून अनेकांच्या झोपेची खूण झाली. २००२ मध्ये ‘फिनिस्टेर’ या समुद्रभागाचे नाव बदलून ‘फिट्झरॉय’ केले, तेव्हा लोकांनी घरातली एखादी जुनी वस्तू हलवावी तशी हळहळ व्यक्त केली. नव्या नावाने मात्र या व्यवस्थेच्या जनकाचेच स्मरण होत होते.

रीथ यांची शिस्त

डिसेंबर १९२२ मध्ये कंपनीचे व्यवस्थापन हाती घेतलेले जॉन रीथ हे स्कॉटिश धर्मोपदेशकाचे पुत्र आणि व्यवसायाने अभियंता होते. त्यावेळी त्यांचे वय ३३ होते. लोकांना माहिती द्यावी, शिक्षण द्यावे आणि त्यांचे रंजन करावे, हे सूत्र त्यांनी रुजवले. १ जानेवारी १९२७ रोजी कंपनीचे रूपांतर राजसनदेने स्थापन झालेल्या ‘ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन’मध्ये, म्हणजे आजच्या बीबीसीत, झाले. जाहिरातदार आणि मंत्री या दोघांपासूनही नभोवाणी वेगळी राहावी, हा त्या रचनेमागचा हेतू होता. मात्र १९२६ च्या सार्वत्रिक संपात रीथ यांनी कँटरबरीच्या आर्चबिशपांचे समेटाचे आवाहन ताबडतोब प्रसारित होऊ दिले नव्हते. सरकारपासून राखलेले हे अंतर किती, हा प्रश्न संस्थेला जन्मापासून चिकटलेला आहे.

रीथ यांच्या काळातील नभोवाणी सभ्य, संयत आणि काहीशी कडक होती. संध्याकाळचे निवेदक डिनर जॅकेट चढवून ध्वनिक्षेपकासमोर बसत आणि त्यांची नावे सांगितली जात नसत. १८ एप्रिल १९३० रोजी, गुड फ्रायडेच्या संध्याकाळी, वार्तापत्राच्या वेळी निवेदकाने सांगण्यासारखी बातमी नसल्याचे जाहीर केले आणि उरलेला वेळ पियानोवादनाने भरला. आजच्या वाचकाला ही गोष्ट विनोदी वाटेल. पण बातमी नसेल तर गप्प बसण्याचे धैर्य त्या शिस्तीत होते, हेही मान्य करावे लागते.

याच शिस्तीने अनेकांना दाराबाहेर ठेवले. निवेदकांचे उच्चार दक्षिण इंग्लंडमधील उच्चशिक्षित वर्गाचे असत. १९३३ मध्ये शीला बोरेट या निवेदिकेला राष्ट्रीय प्रसारणात संधी मिळाली, परंतु तक्रारींच्या पत्रांचा ढीग पडल्यावर काही महिन्यांतच ती काढून घेण्यात आली. रविवार तर जवळजवळ धर्मप्रवचने आणि गंभीर संगीत यांसाठी राखून ठेवलेला होता. त्याचा लाभ समुद्रापलीकडच्या व्यापारी केंद्रांनी घेतला. १९३३ पासून रेडिओ लक्झेंबर्ग इंग्रजीतून हलकेफुलके संगीत आणि प्रायोजित कार्यक्रम पाठवू लागले आणि ‘ओव्हल्टिनीज’ हा मुलांचा कार्यक्रम ऐकण्यासाठी लाखो घरांतील संच रविवारी संध्याकाळी परदेशी लहरीवर वळू लागले. श्रोत्यांच्या हिताचा निर्णय श्रोत्यांना न विचारता घेतला, तर त्यांचे कान दुसरीकडे वळतात, हा धडा बीबीसीला पुढेही पुन्हा शिकावा लागला.

१९ डिसेंबर १९३२ रोजी लघुलहरींवरून ‘एम्पायर सर्व्हिस’ सुरू झाली आणि सहाच दिवसांनी सँड्रिंगहॅम येथून पंचम जॉर्ज यांचे नाताळाचे भाषण प्रसारित झाले. ते रडयार्ड किपलिंग यांनी लिहून दिले होते. भाषणासाठी दुपारी तीनची वेळ निवडली, ती साम्राज्याच्या जास्तीत जास्त भागांत लघुलहरी पोहोचाव्यात म्हणून. ब्रिटनमधील नाताळच्या दुपारची एक कौटुंबिक प्रथा अशी साम्राज्याच्या नकाशावरून ठरली.

युद्धकाळातील संध्याकाळी

३ सप्टेंबर १९३९ रोजी सकाळी सव्वाअकराला पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांनी रेडिओवरून युद्धाची घोषणा केली. तेव्हा देशात सुमारे नव्वद लाख परवानाधारक संच होते. शत्रूला उपयोग होऊ नये म्हणून हवामानाचे सर्व अंदाज बंद झाले. समुद्रभागांची नावे सहा वर्षे ऐकू आली नाहीत. शत्रूने खोटे निवेदक वापरल्यास श्रोत्यांना आवाज ओळखता यावा म्हणून १९४० पासून वृत्तनिवेदक स्वतःचे नाव सांगू लागले. १९४१ मध्ये यॉर्कशरच्या उच्चारांत बोलणारे विल्फ्रेड पिकल्स बातम्या वाचू लागले, तेव्हा बऱ्याच श्रोत्यांनी तक्रार केली. त्यांच्या उच्चारामुळे बातमी खरी वाटत नाही, असेही काहींचे म्हणणे होते.

१५ ऑक्टोबर १९४० च्या रात्री ब्रॉडकास्टिंग हाऊसवर पडलेला बॉम्ब स्फोट पावला आणि सात कर्मचारी मरण पावले. त्यावेळी नऊच्या बातम्या वाचणाऱ्या ब्रूस बेलफ्रेज यांनी अंगावर उडालेली धूळ झटकून वाचन पुढे चालू ठेवले. पुढच्याच महिन्यापासून रात्री नऊला बिग बेनचे ठोके पडत असताना श्रोत्यांनी एक मिनिट मूक प्रार्थना करावी, अशी प्रथा सुरू झाली. दररोज एका ठरलेल्या मिनिटाला देशभरातली माणसे आपापल्या घरात एकत्र गप्प बसत. नभोवाणीने सामुदायिक काळ घडविला, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

त्याच काळात स्मरण आणि ध्वनी यांच्यातले अंतरही दिसते. १८ जून १९४० रोजी जनरल शार्ल द गॉल यांनी लंडनहून फ्रेंच जनतेला केलेल्या प्रसिद्ध आवाहनाचे ध्वनिमुद्रण अस्तित्वात नाही. आज जे ऐकवले जाते ते बहुधा २२ जूनचे दुसरे भाषण असते. चर्चिल यांचे ४ जून १९४० चे लढाऊ भाषण आपण त्या संध्याकाळी त्यांच्याच आवाजात ऐकल्याचे असंख्य लोकांनी पुढे सांगितले. ते भाषण संसदेत झाले होते. रेडिओवर त्यातील उतारे निवेदकाने वाचले आणि चर्चिल यांनी ते ध्वनिमुद्रित केले १९४९ मध्ये. लोक खोटे बोलत नव्हते. नंतर वारंवार ऐकलेल्या आवाजाने मनातली जुनी जागा व्यापली होती.

नाइटिंगेल पक्ष्याची कथाही अशीच आहे. १९ मे १९२४ रोजी सरेमधील आपल्या बागेत बीट्रिस हॅरिसन चेलो वाजवत होत्या आणि झाडीतून नाइटिंगेल साथ देत होता. हे थेट प्रक्षेपण इतके गाजले की पुढे ते दर वर्षी होऊ लागले. १९ मे १९४२ च्या रात्री पक्ष्याच्या गाण्यावर बॉम्बफेकी विमानांची घरघर चढू लागली. ती जर्मनीकडे निघाली होती. प्रक्षेपण चालू राहिले असते तर शत्रूला आगाऊ सूचना मिळाली असती, म्हणून अभियंत्याने ते तोडले. ध्वनिमुद्रण मात्र चालू राहिले आणि पक्षी व विमाने यांचा तो एकत्र ध्वनी आज जपलेला आहे. १९२४ च्या रात्री गाणारा खरोखर पक्षी होता की पक्ष्याची नक्कल करणारी कलावंत, अशी शंका अलीकडे घेतली गेली आहे. एक पूर्ण पिढी ज्या आठवणीवर प्रेम करत आली, तिचेही असे होऊ शकते.

पूर्वेकडील कक्ष आणि मराठी

भारतातील नभोवाणीशी बीबीसीचा संबंध आधीपासूनचा. १९३५ मध्ये बीबीसीचे लायोनेल फील्डन हे भारताचे पहिले नभोवाणी नियंत्रक म्हणून आले आणि पुढच्या वर्षी ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. युद्ध सुरू झाल्यावर लंडनहून भारतीय भाषांतून प्रसारण होऊ लागले. ११ मे १९४० रोजी हिंदुस्थानी सेवा सुरू झाली आणि १९४२ मध्ये मराठीची पाळी आली. बीबीसीचे मराठी प्रसारण, मधला थोडा खंड वगळता, १९५८ पर्यंत चालू होते. त्यानंतर जवळजवळ सहा दशकांनी, २ ऑक्टोबर २०१७ रोजी, ‘बीबीसी मराठी’ ही संकेतस्थळाच्या रूपात परतली.

१९४१ ते १९४३ या काळात पूर्व विभागात जॉर्ज ऑरवेल काम करत होते. त्यांचा जन्म बिहारमधील मोतिहारीचा. युद्धाचा साप्ताहिक आढावा ते इंग्रजीत लिहीत आणि तो मराठी, गुजराती अशा भाषांत अनुवादित होऊन वाचला जाई. याच विभागात वेणू चितळे या मराठी निवेदिका होत्या. १९४२ मधील ‘व्हॉइस’ या साहित्यविषयक कार्यक्रमाचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, विल्यम एम्पसन, जमैकाच्या उना मार्सन, पुढे आकाशवाणीचे महासंचालक झालेले नारायण मेनन आणि ऑरवेल यांच्यासमवेत वेणू चितळे त्यात दिसतात. मायदेशी परतल्यावर त्यांनी पुण्यातील एका कुटुंबावर ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी लिहिली. ती १९५० मध्ये प्रसिद्ध झाली.

या कामाला एक कडू बाजू होती. ज्या वर्षी लंडनहून मराठीतून स्वातंत्र्याच्या लढाईचे महत्त्व सांगितले जात होते, त्याच १९४२ मध्ये ‘भारत छोडो’ची हाक देणारे नेते तुरुंगात होते. भारतात संच थोडे आणि विश्वास त्याहून थोडा. आपला वेळ निष्फळ कामात जात आहे, असे सांगून ऑरवेल यांनी १९४३ मध्ये राजीनामा दिला. दोन वर्षे ध्वनिक्षेपकाशेजारी घालवलेल्या या लेखकाच्या आवाजाचे एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. विचार करण्याजोगी गोष्ट ही की, त्यांचे लिखाण जगभर पोहोचले आणि ज्या माध्यमासाठी ते बोलले, तेथेच ते मुके राहिले.

ऑरवेल यांनी सांभाळलेल्या साहित्यविषयक जागेवर पुढे जॉन आर्लट आले. हॅम्पशरचे हे माजी पोलीस अधिकारी कवीही होते. १९४६ मध्ये पतौडीचे नवाब इफ्तिखार अली खान यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला आला. विजय मर्चंट, विनू मांकड आणि बडोद्याचे विजय हजारे त्यात होते. भारतीय श्रोत्यांसाठी सामन्यांचे वर्णन करण्याचे काम आर्लट यांच्याकडे आले आणि तेथून क्रिकेट समालोचनातील एका श्रेष्ठ आवाजाची कारकीर्द सुरू झाली. १९५७ मध्ये ‘टेस्ट मॅच स्पेशल’ सुरू झाले, तेव्हापासून १९८० पर्यंत ते त्यात होते. लघुलहरींच्या खरखरीतून इंग्लंडमधील कसोटीचे वर्णन ऐकण्याचे वेड आपल्याकडील घरांनाही होते. लॉर्ड्सवरील आपल्या शेवटच्या समालोचनात आर्लट यांनी निरोपाचे भाषण केले नाही. षटक संपले आणि नेहमीप्रमाणे त्यांनी पुढच्या समालोचकाचे नाव घेतले.

परदेशी भाषांतील प्रसारणाचे घर म्हणून ओळखले गेलेले लंडनचे बुश हाऊस १२ जुलै २०१२ रोजी रिकामे झाले. हिंदी सेवेचे लघुलहरींवरील प्रक्षेपण ३१ जानेवारी २०२० रोजी थांबले. गावोगावी संध्याकाळी संचाभोवती जमणारी मंडळी तोपर्यंत विरळ झाली होती.

काल्पनिक गावे, खरी माणसे

युद्धानंतरचा दशकभराचा काळ ब्रिटिश नभोवाणीचा बहराचा मानला जातो. हलक्या मनोरंजनासाठी १९४५ मध्ये ‘लाइट प्रोग्राम’, तर उच्च अभिरुचीसाठी १९४६ मध्ये ‘थर्ड प्रोग्राम’ सुरू झाला. ‘वुमन्स अवर’ ७ ऑक्टोबर १९४६ पासून आजपर्यंत चालू आहे. निर्जन बेटावर नेण्यासाठी पाहुण्याने आठ ध्वनिमुद्रिका निवडायच्या, ही ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ची कल्पना रॉय प्लोमली यांची. तो कार्यक्रम २९ जानेवारी १९४२ पासून आहे.

१ जानेवारी १९५१ रोजी देशभर सुरू झालेली ‘द आर्चर्स’ ही श्रुतिकामालिका शेतीविषयक मार्गदर्शन कथेच्या ओघात द्यावे म्हणून जन्माला आली. युद्धोत्तर टंचाईच्या दिवसांत धान्योत्पादन वाढवणे निकडीचे होते. ॲम्ब्रिज हे तिच्यातले गाव नकाशावर कोठेही नाही, तरी तेथील जन्ममृत्यू देश मनावर घेई. २२ सप्टेंबर १९५५ रोजी जाहिरातींवर चालणारी पहिली दूरचित्रवाहिनी सुरू झाली. त्याच संध्याकाळी मालिकेतील ग्रेस आर्चरचा आगीत मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत नव्या वाहिनीपेक्षा ग्रेसचीच चर्चा अधिक होती.

विनोदाच्या प्रांतात १९५१ ते १९६० या काळातील ‘द गून शो’ने नभोवाणीला नवे रूप दिले. पीटर सेलर्स आणि हॅरी सीकूम यांच्याबरोबर काम करणारे आणि बहुतेक संहिता लिहिणारे स्पाइक मिलिगन यांचा जन्म १९१८ मध्ये अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) छावणीतल्या कुटुंबात झाला. त्यांचे बालपण पुण्यात आणि रंगूनमध्ये गेले. डोळ्यांना न दिसणारे माध्यम काय करू शकते, हे त्यांना पुरते कळले होते. श्रोत्याच्या कल्पनेत एका वाक्यात पर्वत उभा करता येतो आणि दुसऱ्या वाक्यात तो खिशात घालता येतो. त्याला खर्च येतो तो फक्त ध्वनिपरिणामांचा. २५ जानेवारी १९५४ रोजी थर्ड प्रोग्रामवर प्रसारित झालेल्या डिलन टॉमस यांच्या ‘अंडर मिल्क वुड’ने तीच शक्ती काव्यात दाखवून दिली.

समुद्रातले चाचे

साठच्या दशकात तरुणांना हवे असलेले संगीत बीबीसीवर मोजूनमापून मिळे. वादक संघटना आणि ध्वनिमुद्रिका कंपन्या यांच्याशी झालेल्या करारांमुळे रोज किती तास मुद्रिका वाजवाव्यात, यावर मर्यादा होती. १९६४ च्या ईस्टरमध्ये आयरिश तरुण रोनान ओरॅहिली यांनी देशाच्या सागरी हद्दीबाहेर नांगरलेल्या जहाजावरून ‘रेडिओ कॅरोलाइन’ सुरू केले. पाठोपाठ अशी अनेक जहाजे आली. स्वस्त ट्रान्झिस्टरमुळे रेडिओ बैठकीच्या खोलीतून मुलांच्या पांघरुणात शिरला होता आणि कुटुंबाचे एकत्र ऐकणे तेथेच सैल झाले.

ऑगस्ट १९६७ च्या मध्यापासून नव्या कायद्याने या चाचेगिरीला मदत करणे हा गुन्हा ठरला. ३० सप्टेंबर १९६७ रोजी सकाळी सातला बीबीसीचे ‘रेडिओ वन’ सुरू झाले. त्याचे पहिले निवेदक टोनी ब्लॅकबर्न पूर्वी अशाच जहाजावर होते. जुन्या सेवांची नावे ‘टू’, ‘थ्री’, ‘फोर’ अशी झाली. त्याच वर्षी लेस्टर येथे बीबीसीचे पहिले स्थानिक केंद्र उघडले आणि पुढे तेथूनच ब्रिटनमधील आशियाई श्रोत्यांसाठीच्या प्रसारणाची पायाभरणी झाली. १९७१ मध्ये केवळ रेडिओसाठी असलेला परवाना रद्द झाला आणि १९७३ पासून लंडनमध्ये व्यापारी केंद्रांना मोकळीक मिळाली. दाराबाहेर ठेवलेले उच्चार, भाषा आणि सूर एकेक करून आत आले. जुन्या काळाची हुरहूर बाळगताना हेही विसरता येत नाही.

काय उरले

१९३६ मध्ये बीबीसीत तात्पुरत्या कामावर असलेल्या मेरी स्लोकम यांना धूळ खात पडलेल्या तबकड्यांचा ढीग निकालात काढायला सांगितले होते. त्यांनी त्यावरची नावे वाचली. त्यांत बर्नार्ड शॉ, चेस्टरटन आणि चर्चिल होते. तबकड्या फेकण्याऐवजी त्यांनी त्या जपल्या आणि बीबीसीचा ध्वनिसंग्रह त्यातून उभा राहिला. पुढेही पुष्कळ काही पुसले गेले. ‘गून शो’चे बरेच भाग टिकले, ते परदेशी केंद्रांना पाठवण्यासाठी त्यांच्या तबकड्या काढल्या होत्या म्हणून. ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’चे सुरुवातीचे बहुतेक भाग गेले.

आज परिस्थिती नेमकी उलटली आहे. जवळजवळ सर्वच मुद्रित होते आणि हवे तेव्हा ऐकता येते. त्यात लाभ मोठा आहे. रात्रपाळीवरची परिचारिका सकाळची श्रुतिका दुपारी ऐकू शकते, पणजीत बसलेला श्रोता लंडनचे केंद्र खरखरीविना लावू शकतो. गेले ते एकाच क्षणी ऐकण्याचे बंधन, आणि त्या बंधनातून येणारी सोबत. एप्रिल २०२४ पासून ‘रेडिओ फोर’ची दीर्घलहरींवरील वेगळी कार्यक्रमपत्रिकाही संपली.

सहा पिप्स मात्र अजून वाजतात. १९७० च्या दशकाच्या आरंभापासून शेवटचा ठोका जरा लांबवला आहे आणि १९९० पासून ग्रिनिचऐवजी बीबीसी स्वतःच हा संकेत तयार करते. अंकीय रेडिओ आणि आंतरजाल यांवर ध्वनी सांकेतिक रूपात बांधून पुन्हा उलगडावा लागतो. त्यात काही सेकंद जातात आणि प्रत्येक संचागणिक ते वेगळे असतात. त्यामुळे एकाच घरात स्वयंपाकघरातल्या जुन्या संचावर नऊ वाजतात, तेव्हा बाहेरच्या खोलीतल्या नव्या संचावर निवेदक आधीचे वाक्य पूर्ण करत असतो. घड्याळ लावायचे असेल, तर आजही जुनाच संच लावावा लागतो.